विद्येचें ऋण
डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें चरित्र

जुबिलीच्या मंगल प्रसंगीं, ज्यांनीं आपल्या धर्मग्रामाचा पाया घातला त्यांचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करितों. परंतु आज आपण ज्या स्थितींत राहतों, आपलीं मुलें ज्या शाळा-महाविद्यालयांत जातात, ती स्थिति घडविणारे कांहीं पुरुष आपल्या धर्माचे नव्हते. त्यांचेंहि ऋण आपल्यावर आहे, आणि ऋण मान्य करणें हें सज्जनाचें पहिलें लक्षण होय. अशा पुरुषांत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून सर्व जग त्यांस ओळखतें, व त्यांच्या आयुष्यांतील अनेक लढे सर्वश्रुत आहेत. प्रस्तुत लेखांत त्यांच्या चरित्राचा एकच धागा धरावयाचा आहे : विद्यापीठाच्या शिक्षणानें या पुरुषाला काय दिलें, काय देतां आलें नाहीं, आणि जें मिळालें तें त्यांनीं कोणास परत केलें. परभणी जिल्ह्यांतील ज्या घरांत दहावी-बारावी झालेलें मूल आज उंबरठ्यावर उभें आहे, आणि त्याला पुढें कॉलेजांत धाडावें कीं मजुरीस लावावें या विचारांत आईबाप आहेत, त्या घरासाठीं ही कथा विशेषेंकरून सांगण्याजोगी आहे.

बालपण व शाळा

भीमरावांचा जन्म ता. १४ एप्रिल १८९१ रोजीं मध्य भारतांतील महू येथील लष्करी छावणींत झाला. आईबापांचें हें चौदावें अपत्य. घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांतल्या आंबडवे गांवचें, व जात महार. वडील रामजी सकपाळ हे सैन्यांत सुभेदार असून लष्करी शाळेंत शिकवीत असत. त्या काळीं छावणींत शिपायांच्या मुलांसाठीं शाळा असत, आणि त्या वाटेनेंच अस्पृश्य मानलेल्या या घरांत अक्षरांचा प्रवेश झाला होता. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब प्रथम दापोलीस व मग साताऱ्यास आलें. साताऱ्यासच आई भीमाबाई निवर्तल्या. त्या वेळीं भीम अगदीं लहान होता, व त्याचें संगोपन पुढें आत्यानें केलें.

साताऱ्याच्या शाळेंत हा मुलगा इतरांपासून वेगळा, एका कोपऱ्यांत, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटास हात लावीत नसे, म्हणून तें रोज संध्याकाळीं घरीं न्यावें व सकाळीं परत आणावें लागे. तहान लागली तर नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायानें नळ सोडला तर पाणी, आणि शिपाई कामास गेला असेल तर दिवसभर घसा कोरडा. एकदां, सुमारें १९०१ सालीं, भीम व त्याचीं भावंडें गोरेगांव येथें नोकरीवर असलेल्या वडिलांस भेटावयास निघालीं. मसूर स्टेशनावर उतरल्यावर हीं मुलें महारांचीं आहेत असें कळतांच एकहि गाडीवान त्यांस गाडींत घेईना. अखेर दुप्पट भाडें घेऊन एकजण कबूल झाला, पण गाडी मुलांनींच हांकावी व आपण बाजूनें पायीं चालावें अशी त्याची अट होती. बरोबर शिदोरी होती, परंतु वाटेंत पाणी कोणी देईना, म्हणून मुलांनीं ती रात्र उपाशीं काढली. अंगावर स्वच्छ कपडे, खिशांत भाड्याचे पैसे व ओठांवर सभ्य भाषा असूनहि ज्या समाजांत घोटभर पाणी मिळत नाहीं, तो समाज कसा आहे हें त्या मुलाच्या मनांत त्या रात्रीं कायमचें कोरलें गेलें.

पुढें कुटुंब मुंबईस आलें व परळच्या चाळींत एका खोलींत राहूं लागलें. त्या खोलींत स्वयंपाक, निजणें, पाहुणे आणि अभ्यास हें सर्व चाले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलांत जाऊं लागले. संस्कृत शिकण्याची त्यांची मोठी इच्छा होती, परंतु जातीमुळें ती भाषा त्यांस शाळेंत शिकतां आली नाहीं व त्यांनीं फारसी घेतली. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. महार जातीच्या मुलानें ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी हें त्या काळीं एवढें नवल होतें कीं त्यानिमित्त चाळींतील मंडळींनीं अभिनंदनाची सभा भरविली. सीताराम केशव बोले हे तिचे अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर या विद्वान शिक्षकांनीं त्या सभेंत आपण लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र या मुलास भेट दिलें. केळुसकर जातीनें त्यांचे कोणी नव्हते. त्यांनीं या मुलाची बुद्धि पाहिली, त्यास पुस्तकें पुरविलीं, आणि पुढें पैशांअभावीं शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हां त्याच्यासाठीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांजकडे शब्द टाकला. महाराजांनीं दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति दिली. केळुसकरांचा शब्द व ते पंचवीस रुपये पाठीशीं नसते, तर एल्फिन्स्टन कॉलेजचें दार ओलांडून भीमरावांस पदवीपर्यंत पोहोंचणें अशक्य होतें. १९१३ च्या आरंभीं ते बी. ए. झाले. त्याच फेब्रुवारींत वडील वारले. ज्या पित्यानें कर्ज काढून, घरांतील किडूकमिडूक गहाण ठेवून मुलासाठीं पुस्तकें आणलीं, त्यास मुलाचें पुढील वैभव पाहावयास मिळालें नाहीं.

समुद्रापलीकडील विद्यापीठें

सयाजीराव महाराज त्या वेळीं कांहीं होतकरू तरुणांस अमेरिकेंत शिकावयास पाठवीत होते. त्यांत भीमरावांची निवड झाली. परत आल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची चाकरी करावी, असा करार जून १९१३ मध्यें झाला, व जुलै महिन्यांत ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. तेथील पहिला अनुभव पुस्तकांचा नव्हताच. ज्याच्या शेजारीं बसावें तो उठून जात नाहीं, ज्या नळाचें पाणी प्यावें तो नळ कोणी धूत नाहीं, हा तो अनुभव होता. बावीस वर्षांच्या आयुष्यांत जें कधीं घडलें नव्हतें तें परक्या देशांत घडलें. मनुष्य म्हणून वागविलें जाणें ही मेहेरबानी नसून सहज गोष्ट असूं शकते, हें त्यांनीं तेथें प्रत्यक्ष पाहिलें.

अर्थशास्त्राचे अध्यापक सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई व इतिहासकार रॉबिन्सन यांसारख्या गुरूंपाशीं ते शिकले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. त्याबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र या विषयांचे जेवढे वर्ग घेतां येतील तेवढे त्यांनीं घेतले. १९१५ सालीं त्यांस एम. ए. ही पदवी मिळाली. मे १९१६ मध्यें त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींची उत्पत्ति व रचना या विषयावर एक निबंध वाचला. साताऱ्याच्या गोणपाटावर बसलेल्या मुलानें, आपणांस तेथें कां बसविलें याचें उत्तर शास्त्राच्या भाषेंत शोधावयास आरंभ केला होता. दुःख सोसणारे लाखों असतात. दुःखाचें कारण मांडून दाखविण्याची शक्ति विद्येनें येते, आणि ती शक्ति त्यांस या विद्यापीठांत लाभली.

१९१६ सालीं ते लंडनला गेले व तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयांत, तसेंच बॅरिस्टर होण्याकरितां ग्रेज इन या संस्थेंत नांव दाखल केलें. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावें लागलें. महायुद्धाचे ते दिवस. आधीं बोटीनें पाठविलेलें पुस्तकांचें सामान वाटेंतच समुद्रांत बुडालें.

बडोद्याची पदवीधराला शिकवण

कराराप्रमाणें ते बडोद्यास रुजू झाले. कोलंबियाचा एम. ए., महाराजांचा मर्जींतला अधिकारी; परंतु स्टेशनावर त्यांस घ्यावयास कोणी आलें नाहीं व शहरांत कोणी राहावयास जागा देईना. कचेरींतील शिपाई कागद हातांत न देतां दुरून टेबलावर टाकीत. शेवटीं एका पारशी धर्मशाळेंत, पारशी नांव धारण करून, अंधाऱ्या माडीवर ते एकटे राहूं लागले. अकराव्या दिवशीं सकाळीं ते कचेरीस निघाले असतां हातांत लाठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिना चढून आले व धर्मशाळा बाटविल्याबद्दल त्यांनीं जाब विचारला. संध्याकाळच्या आंत जागा सोडण्याचा हुकूम झाला.

त्या दिवशीं आंबेडकर दोन मित्रांकडे आसरा मागावयास गेले. एक हिंदु होता. आपण तुम्हांस घरांत घेतलें तर नोकरचाकर निघून जातील, असें त्यानें सांगितलें. दुसरा होता देशी ख्रिस्ती. पत्नी परगांवाहून येणार आहे, तिला विचारून सांगतों, असें गोड शब्दांत त्यानें टाळलें. हें जोडपें मूळचें ब्राह्मण कुळांतलें होतें. धर्म बदलल्यावर पतीचे विचार उदार झाले, पण पत्नीचा सोंवळेपणा तसाच राहिला होता, आणि अस्पृश्यास घरांत घेणें तिला रुचलें नसतें, हें आंबेडकरांस मागाहून कळलें. ही हकीकत त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविली आहे. आपण ख्रिस्ती जनांनीं ती वाचून खालीं मान घालावी व नंतर आपल्याच घराच्या उंबरठ्याकडे पाहावें, हें बरें. बाप्तिस्म्याचें पाणी डोक्यावर पडलें म्हणजे मनांतील जाति धुतली जातेच असें नाहीं.

संध्याकाळपर्यंत ते बडोद्याच्या कामाठी बागेंत बसून राहिले, आणि रात्रींच्या गाडीनें मुंबईस परतले. विद्यापीठाची पदवी काय करूं शकत नाहीं हें त्या बागेंत त्यांस कळलें. तिनें बुद्धीला धार येते, पण एकट्यादुकट्याच्या पदवीनें समाजाची दारें उघडत नाहींत. याच दिवसापासून त्यांच्या विद्येला दुसरें वळण लागलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरी फेरी व घरची आहुति

नोव्हेंबर १९१८ मध्यें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेंहि कांहीं सहकाऱ्यांनीं पाण्याच्या माठावरून कुरकुर केली. परंतु त्यांचें व्याख्यान ऐकावयास बाहेरचे विद्यार्थी येऊन बसत. पगारांतून पैपैसा शिल्लक टाकून, कोल्हापूरचे शाहू महाराज यांचें साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राचें कर्ज घेऊन, १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. वाचनालय उघडण्यापूर्वीं दाराशीं उभें राहावें आणि तें बंद होईपर्यंत उठूं नये, दुपारचें जेवण बहुधा टाळावें, रात्रीं अर्धपोटीं पुन्हां वाचीत बसावें, असा त्यांचा क्रम होता. १९२१ सालीं एम. एस्‌सी., १९२२ सालीं बॅरिस्टर, आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी. एस्‌सी., अशा पदव्या त्यांनीं मिळविल्या. कोलंबियाची पीएच. डी. त्यांस १९२७ सालीं रीतसर मिळाली.

या पदव्यांच्या मागें एक स्त्री उभी होती, तिचें स्मरण केल्यावांचून पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. पत्नी रमाबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. पति परदेशीं असतां त्यांनीं हलाखींत प्रपंच चालविला. गंगाधर, रमेश, इंदु व राजरत्न अशीं त्यांचीं चार मुलें बाळपणींच गेलीं. यशवंत हा एकटा मुलगा वांचला. मे १९३५ मध्यें रमाबाई दीर्घ आजारानें निवर्तल्या. घरांतील एकाच्या विद्येची किंमत घरांतील इतरांनीं भरलेली असते. आपल्या गांवांतहि एक मुलगा कॉलेजांत गेला म्हणजे बहीण शाळा सोडते, आई दुसऱ्याच्या शेतांत निंदणीस जाते, बाप उचल घेऊन ऊसतोडीस जातो. पदवीच्या कागदावर त्यांचीं नांवें छापलेलीं नसतात, पण तीं तेथें असतातच.

परतफेडीचा आरंभ

स्वदेशीं आल्यावर, एवढी विद्या असलेल्या बॅरिस्टरास सरकारी मोठी नोकरी धरून सुखानें राहतां आलें असतें. आंबेडकरांनीं मुंबईच्या कोर्टांत स्वतंत्र वकिली पत्करली व हातीं राहिलेला वेळ समाजाकडे लावला. जुलै १९२४ मध्यें त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. या सभेचें पहिल्या कामांपैकीं एक म्हणजे १९२५ सालीं सोलापुरांत काढलेलें विद्यार्थिवसतिगृह. शाळा असली तरी राहावयास व जेवावयास ठिकाण नसेल तर खेड्यांतील गरिबाचें मूल शिकूं शकत नाहीं, ही गोष्ट त्यांस स्वानुभवानें ठाऊक होती. ता. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन त्यांनीं पाण्याचा हक्क बजाविला. त्याच वर्षीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा झाली, तेव्हां विद्यापीठ हें केवळ परीक्षा घेणारें कार्यालय असूं नये व त्याच्या कारभारांत मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधि असावेत, असें त्यांनीं आग्रहानें मांडलें. पाण्याचें तळें आणि विद्येचें तळें, दोन्ही त्यांच्या दृष्टीनें एकाच न्यायाचीं होतीं.

१९३५ पासून १९३८ पर्यंत ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. १९४२ सालीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखात्याचे सभासद झाल्यावर त्यांनीं अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठीं सरकारी पैसा मिळावा म्हणून निवेदन सादर केलें, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाकरितां अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. एका महाराजांच्या पंचवीस रुपयांनीं एक भीमराव घडला होता. आतां दातृत्वाची जागा हक्कानें घेतली.

ता. ८ जुलै १९४५ रोजीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व जून १९४६ मध्यें मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलें. या कॉलेजचे वर्ग सकाळीं लवकर भरत, म्हणजे दिवसां कारकुनी किंवा मजुरी करणाऱ्या तरुणासहि शिकतां यावें. कॉलेज सर्व जातिधर्मांच्या मुलांस खुलें होतें.

घटना तयार झाल्यावर विद्येचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. १९५१ सालीं मद्रास राज्यांतील कॉलेजांतल्या जागांची जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविली. त्या वेळीं आंबेडकर कायदेमंत्री होते. त्याच वर्षीं पहिल्या घटनादुरुस्तीनें पंधराव्या कलमांत नवें पोटकलम घालण्यांत आलें, आणि सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्यांसाठीं सरकारास विशेष तरतूद करण्याची मोकळीक मिळाली. आज इंजिनिअरिंग किंवा वैद्यकीच्या कॉलेजांत राखीव जागेवर बसलेल्या प्रत्येक मुलाच्या बाकाखालीं हें पोटकलम आहे.

मराठवाड्यांत आलेली गंगा

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ सुरू झालें होतें, परंतु तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. मराठी मुलास घरीं एक भाषा, पुस्तकांत दुसरी. आणि पदवी हवी असेल तर हैदराबादेची वाट. १९३८ सालीं वंदे मातरम्‌ म्हटल्याबद्दल उस्मानियांतून अनेक विद्यार्थी काढून टाकण्यांत आले, तेव्हां त्यांतील कित्येकांस नागपूर विद्यापीठानें आसरा दिला. सधन घरच्या मुलांची ही अवस्था, तर गांवकुसाबाहेरील मुलांची काय असेल हें सांगावयास नकोच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद राज्य मुक्त झालें. पुढें दोन वर्षांच्या आंतच, जून १९५० मध्यें, आंबेडकरांच्या संस्थेनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, महाविद्यालय उघडलें. मुंबईंत कॉलेजांस तोटा नव्हता; त्यांस मराठवाड्याची निवड करावयाची होती, कारण येथील दलित सर्वांत मागें पडलेला होता. ता. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें इमारतीचा पायाचा दगड बसविण्यांत आला. या कॉलेजला पुढें मिलिंद हें नांव मिळालें व त्या परिसरास नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. त्यानें नागसेन भिक्षूस प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि समाधान झाल्यावर आपला पराभव मोकळ्या मनानें मान्य केला. विद्यार्थ्यानें निर्भयपणें विचारावें व पटल्यावर नम्रपणें स्वीकारावें, हा त्या नांवाचा अर्थ. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनीं या कॉलेजची घडी बसविली. बाबासाहेब स्वतः दिल्लीहून येऊन बांधकामाची पाहणी करीत, नकाशे तपासीत आणि झाडें लावून घेत.

परभणीहून औरंगाबादेस जाणारी रेल्वे आतां वेगळ्याच उतारूंस घेऊन जाऊं लागली. पत्र्याची पेटी, गोधडी व बापानें मागून आणलेले पैसे घेऊन मराठवाड्याच्या खेड्यांतील मुलें नागसेनवनाच्या वसतिगृहांत येऊन पोहोंचलीं. त्यांतून शिक्षक, वकील, अधिकारी व लेखक निघाले. याच कॉलेजांत शिकविणारे प्रा. गंगाधर पानतावणे यांनीं पुढें अस्मितादर्श हें नियतकालिक चालवून दलित लेखकांच्या पिढ्या घडविल्या. ज्या उस्मानियाच्या राज्यांत पूर्वीं दलितास विद्येचें दार दिसत नव्हतें, त्याच विद्यापीठानें जानेवारी १९५३ मध्यें आंबेडकरांस डी. लिट्‌. ही सन्मान्य पदवी अर्पण केली. त्याच्या आदल्या वर्षीं कोलंबियानेंहि त्यांस एल्‌एल्‌. डी. देऊन गौरविलें होतें.

अखेरची खंत

१४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत त्यांनीं आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, व ता. ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लींत त्यांचें देहावसान झालें. परंतु त्याच वर्षीं मार्च महिन्यांत आग्र्याच्या सभेंत त्यांनीं जें दुःख बोलून दाखविलें तें विसरतां येत नाहीं. आपण झगडून ज्यांस शिकविलें ते सुशिक्षित तरुण नोकरीच्या खुर्चींत बसून आपलेंच पोट भरीत आहेत, मागें राहिलेल्या खेड्यांतील भावाकडे वळून पाहत नाहींत, अशी त्यांची तक्रार होती. विरोधकांनीं दिलेले घाव त्यांनीं छातीवर घेतले. हा घाव मात्र आपल्याच माणसांचा होता, आणि तो आंत लागला.

त्यांच्या मागें मराठवाड्यांत विद्येचा विस्तार झाला. ता. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ सुरू झालें. परभणीस १९५६ सालीं कृषि महाविद्यालय निघालें व १८ मे १९७२ रोजीं तेथेंच कृषि विद्यापीठ स्थापन झालें. परंतु विद्येबरोबर न्याय आपोआप येत नाहीं, हेंहि याच भूमीनें पाहिलें. २७ जुलै १९७८ रोजीं विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें केला, आणि मराठवाड्यांत, आपल्या परभणी जिल्ह्यांतसुद्धां, दलितांचीं घरें जळालीं. एका ज्ञानमंदिराच्या पाटीवर कोणाचें नांव असावें यासाठीं गरिबांच्या चुली विझल्या. सोळा वर्षांनीं, १४ जानेवारी १९९४ रोजीं, तें नांव लागलें. त्याच वर्षीं नांदेडास निराळें विद्यापीठ स्थापन होऊन परभणी जिल्हा त्यास जोडला गेला. पुढें डिसेंबर २०२४ मध्यें परभणी शहरांत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील घटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, गांव पेटलें, आणि त्या प्रकरणांत पकडलेला कायद्याचा एक तरुण विद्यार्थी न्यायालयीन कोठडींत असतां मरण पावला. कायदा शिकावयास निघालेल्या मुलाचा असा अंत व्हावा, ही आपणां सर्वांच्या मनाला टोंचणी आहे.

आपल्या समाजाचीहि एक टोंचणी येथें सांगितली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा अद्याप झालेला नाहीं. महाराष्ट्रांत त्यांची गणना इतर मागासवर्गांत होते. देवळाबाहेर उभें राहावें लागलेल्या आजोबांचा नातू आज कॉलेजांत अर्ज भरतो, तेव्हां धर्माच्या रकान्याशीं त्याचा हात थबकतो. हक्क मागणें योग्यच आहे, व तें मागण्याचा सनदशीर मार्ग बाबासाहेबांनींच आंखून दिला आहे. पण हक्क मिळेपर्यंत हात जोडून बसावें, असें त्यांचें जीवन सांगत नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, शुभवर्तमानांत एका सेवकाची कथा आहे. धन्यानें दिलेलें द्रव्य त्यानें भीतीनें जमिनींत पुरून ठेविलें, आणि हिशेबाच्या दिवशीं त्याचा धिक्कार झाला. विद्या हें असेंच धन्याचें द्रव्य आहे. केळुसकरांनीं एका परजातीच्या मुलास पुस्तक दिलें, महाराजांनीं शिष्यवृत्ति दिली, रमाबाईंनीं आपलें सुख दिलें. तें सर्व भीमरावांनीं जमिनींत पुरलें नाहीं, मराठवाड्याच्या माळावर पेरलें. जुन्या करारांत जुबिलीचें वर्ष म्हणजे दासांच्या मुक्तीचें व गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळण्याचें वर्ष होय. आपल्या जुबिलीस त्याहून निराळा अर्थ कां असावा ? ज्या घरांत एक पदवीधर झाला आहे, त्या घरानें शेजारच्या वस्तींतील एका मुलाची किंवा मुलीची फी, पुस्तकें अथवा रोजची एक तासाची शिकवणी आपल्या अंगावर घ्यावी. विशेषतः मुलीची, कारण घरांत पैसे कमी पडले म्हणजे पहिली वही तिचीच मिटते. जात पाहूं नये, धर्महि पाहूं नये; केळुसकरांनीं पाहिला नव्हता. सर्व ऋणें पैशांनीं फिटतात. विद्येचें ऋण मात्र दुसऱ्यास शिकवूनच फिटतें.